शेजारचं वायफाय दिसतं, आमचंच का दिसत नाही?

‘वायफाय पकडत नाही’ एवढं म्हणताना लोकांच्या मनात तीन निरनिराळ्या तक्रारी असतात. कुणाला यादीत नावच दिसत नसतं. कुणाला नाव दिसतं, पण पासवर्ड देऊनही जोडणी होत नाही. कुणाची जोडणी होते, पण नेट चालत नाही. तिन्हींचं मूळ वेगळं आणि उपायही वेगळे. या वेळी फक्त पहिल्या प्रकारची पत्रं घेतली आहेत: घरात राउटर सुरू आहे, इतरांना दिसतो आहे आणि लॅपटॉपला मात्र त्याचा पत्ता नाही.

प्रश्न : घरातलं नेट उत्तम चालू आहे. माझा आणि मुलीचा मोबाइल वायफायवर आहे, टीव्हीही आहे. पण माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या यादीत आमच्या घरचं नाव येतच नाही. शेजाऱ्यांची तीन नावं येतात! पंधरा दिवसांपूर्वी नेट देणाऱ्यांनी जुना राउटर काढून नवा बसवला, तेव्हापासून हे सुरू झालं. बसवायला आलेले गृहस्थ म्हणाले, राउटर चांगलाच आहे, तुमचा लॅपटॉप आता बदला. माझं भाषांतराचं सगळं काम याच लॅपटॉपवर चालतं आणि बाकी तो ठणठणीत आहे. खरंच बदलावा लागेल का? (एक भाषांतरकार)

उत्तर : बदलू नका. तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आलेलं आहे.

शेजाऱ्यांची तीन नावं दिसतात, हे वाक्य तुम्ही वैतागून लिहिलं असेल, पण मला ते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड जिवंत आहे, त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो आहे, एअरप्लेन मोड बंद आहे, विंडोजची वायफाय सांभाळणारी सेवा सुरू आहे, हे सगळं त्या एका वाक्याने सिद्ध केलं. त्यामुळे कुणी ‘नेटवर्क रीसेट करून बघा’, ‘विंडोज नव्याने टाका’ असं सुचवलं तर आत्ता तरी ऐकू नका. चालत्या गोष्टींना हात लावून आपण फक्त पासवर्ड आणि सेटिंग घालवून बसतो.

राउटर आपलं नाव हवेत सतत पुकारत असतो. बहुतेक राउटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, एक छोटा संदेश सोडतात. त्याला बीकन म्हणतात. त्यात नाव असतं, आपण कोणत्या चॅनेलवर (रेडिओ स्टेशनसारख्या कोणत्या जागेवर) आहोत ते असतं, कोणत्या पद्धतीने बोलता येतं आणि कुलूप कोणतं आहे, तेही असतं. लॅपटॉप एकेका चॅनेलवर क्षणभर थांबून हे पुकारे ऐकतो आणि ऐकू आलेली नावं यादीत मांडतो. तुमच्या लॅपटॉपला शेजाऱ्यांचे पुकारे ऐकू येतात. नव्या राउटरचा एकतर कानावर पडत नाही, किंवा पडतो पण कळत नाही. जुना राउटर होता तोवर सगळं सुरळीत होतं, तेव्हा बदल पुकारण्यात झालाय.

सगळ्यात आधी मोबाइलवरची एक परीक्षा घ्या. वायफायचे घरोघरी चालणारे पट्टे मुख्यतः दोन: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. सहा वर्षांपूर्वीचे बरेचसे साधे लॅपटॉप फक्त २.४चं कार्ड घेऊन बाहेर पडत होते. ५ गिगाहर्ट्झवर कुणी कितीही जवळून पुकारलं तरी अशा कार्डाला ते ऐकू येत नाही. त्या पट्ट्यासाठी त्याला कानच दिलेला नाही. मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू करा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बहुतेक फोनवर बँड, म्हणजे पट्टा, निवडायची सोय असते. आधी २.४ निवडा आणि लॅपटॉपच्या यादीत फोनचं नाव येतं का पाहा. मग ५ निवडा, मिनिटभर थांबा, पुन्हा पाहा. २.४वर दिसलं आणि ५वर गायब झालं, तर लॅपटॉप एका पट्ट्याचा आहे, हे जवळजवळ नक्की.

पक्की खात्री हवी असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि रोमन अक्षरांत टाइप करा: एन-ई-टी-एस-एच, जागा, डब्ल्यू-एल-ए-एन, जागा, शो, जागा, ड्रायव्हर्स. एंटर दाबलं की कार्डाची कुंडली समोर येते. त्यात ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’ अशी एक ओळ असते. तिथे ८०२.११ या आकड्याच्या पुढे फक्त बी, जी आणि एन असेल तर कार्ड २.४चंच समजा. ए किंवा एसी असेल तर ते दोन्ही पट्ट्यांवर ऐकतं. ही ओळ कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागेल.

आता राउटरकडे वळू. त्याच्या पाठीवर किंवा पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. वायफायवर असलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाका, त्याच कागदावरचं नाव आणि पासवर्ड द्या, राउटरचं पान उघडेल. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. ही सवय फार उपयोगी आहे. काही बिघडलं तर फोटो बघून पाच मिनिटांत सगळं पूर्वीसारखं करता येतं आणि नेट देणाऱ्यांकडे हात जोडावे लागत नाहीत.

‘वायरलेस’ असं लिहिलेल्या भागात २.४चा पट्टा मुळात चालू आहे का, ते पाहा. नवे राउटर कधीकधी तो बंद ठेवूनच बसवले जातात, कारण ५वर वेग जास्त दिसतो आणि मोबाइलधारक खूश होतात. बंद असेल तर चालू करा. त्या पट्ट्याला वेगळं नाव द्या, म्हणजे घरच्या नावाच्या शेवटी २४ वगैरे जोडा. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची जी सोय असते, तिला ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ म्हणतात. मोबाइलसाठी ती चांगली, पण तपास चालू असताना ती गोंधळ घालते. कोण कुठे पुकारतंय हेच कळत नाही. तिथेच नाव लपवण्याची खूण असते. ‘हाइड’ किंवा ‘ब्रॉडकास्ट’ असा शब्द दिसेल. नाव लपवलेलं असेल तर ते उघड करा. नाव लपवल्याने सुरक्षा वाढत नाही, ज्याला शोधायचं आहे त्याला ते सहज सापडतं. घरच्यांची अडचण मात्र होते.

२.४ चालू आहे, नाव उघड आहे, तरी दिसत नाही? मग चॅनेल पाहा. इथे मी जरा थांबते, कारण याच जागी माझे स्वतःचे दोन आठवडे गेले होते.

माझ्या घरी एक जुना लॅपटॉप होता. त्याला घरचं नाव कधी दिसायचं, कधी नाही. राउटर बंद करून सुरू केला की दिसायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा गायब. बाकी सगळ्या उपकरणांना काही अडचण नव्हती. मी कार्ड काढून पुसलं, ड्रायव्हर तीनदा बदलला, राउटरची जागा बदलली. मग एका संध्याकाळी नाव गायब असताना मोबाइलवरच्या वायफाय दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये सहज पाहिलं, तर आमचा राउटर चॅनेल १३वर बसलेला! बंद करून सुरू केला, तो ६वर गेला आणि लॅपटॉपला लगेच दिसला. राउटरचं चॅनेल ‘ऑटो’वर होतं. आजूबाजूची गर्दी बघून तो आपणच जागा बदलायचा. १३वर गेला की माझा लॅपटॉप बहिरा.

२.४च्या पट्ट्यात अमेरिकेत १ ते ११ एवढेच चॅनेल नेहमी वापरतात. जगात बहुतेक ठिकाणी १ ते १३ चालतात. १४वा फक्त जपानात आहे आणि तोही जुन्या ‘बी’ प्रकारापुरता. काही लॅपटॉपांची कार्डं अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बांधलेली असतात, ती १२ आणि १३वर ऐकतच नाहीत. म्हणून ऑटो काढा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल स्वतः निवडा. हेच तीन का? चॅनेल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि एका जोडणीला २० मेगाहर्ट्झची जागा लागते. या तिघांत एकमेकांवर पाय पडत नाही. तुमच्या शेजारची तीन नावं कोणत्या चॅनेलवर आहेत ते अ‍ॅपमध्ये पाहा आणि उरलेला घ्या.

तुमचं कार्ड दोन्ही पट्ट्यांचं निघालं तर ५ गिगाहर्ट्झचा चॅनेलही हाताने ३६, ४०, ४४ किंवा ४८ ठेवा. मधले, म्हणजे ५२पासून १४४पर्यंतचे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात. राउटरला तिथे पुकारण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं आणि रडारची चाहूल लागली तर जागा सोडावी लागते. तिथलं नाव येतं-जातं ते त्यामुळे.

पुढचा संशय ‘मोड’वर. नवा राउटर वायफाय ६चा असेल, तर तो ८०२.११एएक्स या पद्धतीने पुकारतो. हे राउटर २०१९पासून घराघरांत आले, या पद्धतीचं तांत्रिक मानक २०२१मध्ये अंतिम झालं. तत्त्वतः जुन्या कार्डांनाही हा पुकारा समजायला हवा. पण इंटेलच्या काही जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर बीकनमधली ही नवी माहिती पाहून गडबडतात आणि नाव यादीत घेतच नाहीत. हा दोष इंटेलने स्वतः मान्य केलेला आहे आणि त्यांच्या नव्या ड्रायव्हरमध्ये तो दुरुस्त झाला आहे. तुमची लक्षणं पाहता माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे: शेजाऱ्यांचे जुने राउटर दिसतात, तुमचा नवा दिसत नाही. तपासायला सोपं आहे. राउटरमध्ये २.४चा मोड एएक्सवरून बी-जी-एनवर आणा, सेव्ह करा, दोन मिनिटं थांबा. नाव प्रकट झालं तर चोर सापडला. मग ड्रायव्हर नवा टाका आणि मोड पुन्हा पूर्वीसारखा करा, म्हणजे मोबाइलचा वेगही जाणार नाही.

नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कुठून, हा प्रश्न दर वेळी येतो. मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेट वाटतं, वायफायचा संबंधच येत नाही. केबल मात्र डेटा नेणारी हवी. काही केबली फक्त चार्ज करतात, मग टेदरिंगचं बटण दाबताच येत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप नवे करून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. एका ड्रायव्हरसाठी दहा नको असलेल्या गोष्टी आत शिरतात, आणि त्या काढायला मला पत्रं येतात.

कुलपाबद्दल एकच सूचना. राउटरमध्ये सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ (वायफायच्या कुलपाचा नवा प्रकार) अशी असेल तर ती ‘डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र’ करा, कारण नाव दिसू लागल्यावर जुन्या कार्डाला पुढची अडचण तिथेच येते.

हे सगळं करूनही नाव आलं नाही, तरी लॅपटॉप बदलण्याइतकं काही झालेलं नाही. बोटाच्या पेराएवढा दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी वायफाय अ‍ॅडॅप्टर लावा आणि जुन्या कार्डाला डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीतून) विश्रांती द्या. राउटरजवळ बसून काम करत असाल तर साधी नेटवर्कची केबल त्याहून उत्तम, भाषांतराची मोठी फाइल चढवताना ती कधी दगा देत नाही.

प्रश्न : रात्री लॅपटॉपचं झाकण मिटवून झोपलो. सकाळी वायफायचं चिन्हच नाही, यादीही नाही. सेटिंगमध्ये वायफाय हा शब्दच दिसत नाही! चार वेळा बंद करून सुरू केला. मित्र म्हणतो विंडोज नव्याने टाकू. (एक विद्यार्थी)

उत्तर : मित्राला थांबवा. पहिल्या पत्रातल्या लॅपटॉपला ऐकू येत होतं, फक्त एक आवाज कळत नव्हता. तुमच्या लॅपटॉपला आपल्याला कान आहेत याचाच विसर पडला आहे. कार्डच सापडत नसेल तर नवी विंडोज तरी ते कुठून आणणार?

झोपेतून उठताना कार्ड कधीकधी अडकून बसतं. ना धड बंद, ना धड चालू. तुम्ही ‘शट डाउन’ केलंत तरी दोन कारणांनी ते तसंच राहतं. एक, विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यातल्या गोंधळासकट. (म्हणून अशा तक्रारीत शट डाउनपेक्षा ‘रीस्टार्ट’ जास्त खरा.) दुसरं, चार्जर आणि बॅटरी जोडलेली असली की मदरबोर्डवर थोडी वीज राहतेच आणि कार्डापर्यंतही ती पोचत असते.

तेव्हा ती वीज पूर्ण काढून टाकू. लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा, यूएसबीला जे काही लावलंय ते काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण दाबून धरा आणि मनात तीस मोजा. मध्येच लॅपटॉप सुरू झालासा वाटला तरी बोट उचलू नका, तो पुन्हा बंद होईल. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. या एका उपायाने परत आलेली कार्डं मी इतकी पाहिली आहेत की वायफायचं चिन्ह गायब झाल्याचं पत्र आलं की मी आधी हेच सुचवते.

तरीही आलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा आणि ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ उलगडा. कार्डाचं नाव फिकट दिसत असेल तर विंडोजला ते पूर्वी माहीत होतं, आत्ता सापडत नाही. त्यावर खालच्या दिशेचा बाण असेल तर ते कुणीतरी बंद केलंय, उजव्या बटणाने ‘एनेबल’ करा. पिवळा त्रिकोण असेल तर ‘अनइन्स्टॉल’ करा (ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत खूण न करता) आणि ‘अ‍ॅक्शन’मधून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ दाबा. नावच नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू करून बघा. तिथेही वायफाय आलं नाही तर कार्ड सैल झालंय किंवा गेलंय आणि मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला हरकत नाही.

कार्ड परत आलं की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’चं पान असेल तर तिथली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढून टाका. नाहीतर पुन्हा एखाद्या सकाळी हेच होईल, आणि ती नेमकी ऑनलाइन परीक्षेची सकाळ असायला नको.

प्रश्न : लॅपटॉपचा स्क्रीन फुटला होता, तो बदलून आणला. आता राउटरशेजारी बसलं तरच घरचं वायफाय दिसतं, पलीकडच्या खोलीत गेलं की नाव जातं. दुरुस्ती करणारे म्हणतात स्क्रीनचा आणि वायफायचा काय संबंध? (एक वाचक)

उत्तर : फार जवळचा संबंध आहे. वायफायचं कार्ड कीबोर्डच्या खाली असतं, पण त्याचा अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या चौकटीत, वरच्या कडेला बसवलेला असतो, कारण तिथे धातू कमी आणि उंची जास्त. तिथून दोन तारा बिजागरीतून खाली येतात. शिवणाच्या जाड दोऱ्याएवढ्या, जेमतेम एक मिलिमीटरच्या. बहुधा एक काळी, एक पांढरी. प्रत्येकीच्या टोकाला सोनेरी गोल टोपी असते, साधारण दोन मिलिमीटरची, आणि ती कार्डावरच्या तेवढ्याच बारीक खुंटीवर दाबून बसवायची असते.

माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन एकदा असाच बदलला गेला. परत आल्यावर अगदी तुमच्यासारखंच: राउटरपासून हातभर अंतरावर सगळं ठीक, दाराबाहेर काही नाही. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे आकडा असतो. त्याच टेबलावर आधी उणे ४५ असायचा, आता उणे ७५. हा तीस डीबीचा फरक म्हणजे सिग्नल हजार पटींनी क्षीण. खालचं झाकण उघडलं तेव्हा दोन्ही टोप्या कार्डाच्या बाजूला मोकळ्या पडलेल्या होत्या. एकीवर तर पट्टी चिकटवून ठेवलेली. बॅटरीची जोडणी सोडवली, टोपी खुंटीवर बरोबर मधोमध ठेवली, नखाने सरळ खाली दाबली. बसली की टिच्च असा बारीक आवाज येतो, बोटालाही कळतो. तिरकी दाबली तर खुंटी वाकते आणि मग कार्डच बदलावं लागतं. दोन्ही टोप्या बसवायला मिनिटही लागलं नाही. आकडा पुन्हा उणे ४६.

तुम्ही स्वतः उघडावं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी स्क्रीन बदलला त्यांच्याकडेच घेऊन जा आणि एवढंच सांगा: ‘अँटेनाच्या दोन्ही तारा कार्डावर बसल्यात का, माझ्यासमोर पाहता का?’ नेमका प्रश्न विचारला की बहुतेक दुरुस्तीवाले लगेच उघडून पाहतात. या टोप्या मोजक्याच वेळा काढा-घालायच्या बेताने बनवलेल्या असतात, म्हणून त्यांना सारखं काढून पाहू देऊ नका.

जाण्याआधी घरी एक करून बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लॅपटॉपचं झाकण हळूहळू मागेपुढे करा. कोन बदलला की सिग्नलच्या रेघा कमी-जास्त होत असतील तर तार सुटलेली नसून बिजागरीत दाबली गेली आहे किंवा तुटत आली आहे. मग नुसती टोपी बसवून भागणार नाही, तार बदलावी लागेल. हेही त्यांना आधीच सांगा, म्हणजे दोन फेऱ्या होणार नाहीत.

प्रश्न : बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की वायफायचं नाव यादीतून जातं, काढली की येतं. योगायोग? (एक छायाचित्रकार)

उत्तर : योगायोग नाही. यूएसबी ३च्या केबलमधून माहिती वाहताना निघणारा रेडिओगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर लिहिलं आहे. पुकारा असतो, पण त्या गोंगाटात बुडतो. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा, थोडी लांब आणि जाड आवरणाची केबल वापरून तिला हातभर दूर ठेवा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल तर घरचं ५चं नाव जोडा आणि हा विषय विसरून जा.

प्रश्न : मी हौसेने घरच्या वायफायचं नाव देवनागरीत ठेवलं. मोबाइलवर ते सुंदर दिसतं. पण वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर नेटवर्क सापडतच नाही. देवनागरी चालत नाही का? आणि ‘स्वप्नपूर्ती’ असं नाव ठेवायचं होतं, ते राउटरने घेतलंच नाही. चारच तर अक्षरं आहेत! (एक वाचक)

उत्तर : तुमची हौस मला मनापासून आवडली, म्हणून नीट सांगते.

वायफायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइटची जागा असते. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत) तीन बाइट लागतात. आणि इथे चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडणारा हलन्त, प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘स्वप्नपूर्ती’ डोळ्यांना चार अक्षरांचं. यंत्राला ते असं दिसतं: स, हलन्त, व, प, हलन्त, न, प, ऊकार, र, हलन्त, त, ईकार. बारा चिन्हं, छत्तीस बाइट. चार बाइटनी हुकलं. नुसतं ‘स्वप्न’ ठेवलंत तर अठरा बाइट, आरामात बसेल. देवनागरीत दहा चिन्हांपर्यंत नाव जातं, जोडाक्षरं टाळली की तेवढ्यात जास्त अक्षरं मावतात. काही राउटर मात्र रोमनखेरीज कोणतीही अक्षरं घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

आता वडिलांचा लॅपटॉप. नाव तिथे बहुधा आहे, फक्त ओळखू येत नाही. वायफायच्या मूळ तांत्रिक मानकात ही ३२ बाइट कोणत्या लिपीची समजायची हे सांगितलेलंच नव्हतं, यूटीएफ-८ असल्याची खूण नंतर आली. जुनी विंडोज प्रत्येक बाइटला एकेक रोमन चिन्ह समजते. म्हणून यादीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यापुढे चलनाच्या खुणेसारखं काहीतरी, मग आणखी एक चिन्ह, असं तिघांचं कडबोळं पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. तीन-तीनचा तो ताल ओळखा, तेच तुमचं घर. त्यावर क्लिक करून नेहमीचा पासवर्ड द्या, जोडणी होईल. नाव वाचता आलं नाही तरी यंत्राला बाइट जुळले की पुरतं.

वडिलांना ते विचित्र नाव बघून दर वेळी धास्ती वाटत असेल तर राउटरमध्ये पाहुण्यांसाठी असते ती दुसरी जोडणी सुरू करा, तिला साधं रोमन नाव द्या आणि त्यांचा लॅपटॉप तिच्यावर ठेवा. तुमचं देवनागरी नाव बदलू नका.